दुसरीच पिशवी

जालना,
२ फेब्रुवारी २०२५

श्री. धर्मराजराव यांस,
सासऱ्याचा रामराम.

फोन तुम्ही उचलत नाही. व्हॉट्सअॅपवर माझ्या निरोपाला एकच खूण येते, म्हणजे मला बंद करून ठेवलंय, एवढं मलाही समजतं. रायपूरच्या मिलमध्ये लावला तर तुमचा मुनीम म्हणतो, साहब शिफ्ट में हैं. मीही रोलिंग मिलमध्ये उमर घातली, जावईबापू. सकाळी लागलेली शिफ्ट दुसऱ्या सकाळीही सुटत नाही, असं आमच्या वेळी नव्हतं. म्हणून कागद घेतला. कागद बंद करता येत नाही. फाडता येतो, पण फाडायच्या आधी माणूस दोन ओळी वाचतोच.

अर्पिता इथं जालन्यात दवाखान्यात आहे. कशासाठी, ते तुमच्या घरात तुम्हा एकट्यालाच समजेल. तिची डावी बाजू जन्मापासून वाढली नव्हती, आणि लग्नाआधी औरंगाबादला ऑपरेशन करून डॉक्टरांनी आत सिलिकॉनची पिशवी बसवली, हे तिनं बघायच्या कार्यक्रमातच तुम्हाला गच्चीवर नेऊन सांगितलं होतं. आम्ही नको म्हणत होतो. ती म्हणाली, "सांगूनच करीन, न्हाई तर करणार न्हाई." मी खाली बसून जिन्याकडं कान लावला होता. वाटलं, आता पाहुणे उतरतील आणि चपला घालतील. तुम्ही उतरलात, बसलात, आणि पोहे दुसऱ्यांदा मागितलेत. त्याच दिवशी मी तुमच्या सासूला, तुळजाबाईला, म्हणालो, हा माणूस आपला.

मग आता काय झालं?

आठ वर्षं ती पिशवी गप होती. ईश्वरी झाली, पोटभर प्याली, वाढली. आणि आता, सगळे विसरले असताना, तिथं जंतू झालाय. बाजू लाल झाली, सुजली, आणि तुळजाबाई म्हणते हात ठेववत नाही इतकी गरम. आधी अंबडच्या डॉक्टरला दाखवलं. तो म्हणाला दूध साकळलं, आणि गोळ्या दिल्या. पोरगी कधीच शाळेचा डबा खायला लागली, आता कुठलं दूध? पण तुमची बहीण शालू सोबत होती. तिच्यादेखत आत काय आहे ते अर्पिता बोलली नाही. तुम्हा नवराबायकोचं ठरलेलं ना, घरात कुणाला सांगायचं नाही. तिनं ते ताप अंगावर काढून पाळलं. तुम्हाला लांब काळजी नको म्हणून फोनवर नुसता ताप सांगितला, आणि शालूही लाजून घरी तेवढंच सांगून सासरी गेली. डॉक्टरला माहीतच नाही तर तो बिचारा काय ओळखणार.

इथं कनिका मॅडम म्हणून डॉक्टर आहेत, आपल्या जालन्यातल्याच जैनांच्या लेक. त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं आणि एकटीला विचारलं. तेव्हा निघालं. मग त्यांनी विचारलं, अलीकडं दात, दाढ, लघवीचा काही त्रास? तर अंबडलाच दाढ काढलेली. मॅडम म्हणाल्या, तिथले जंतू रक्तातून फिरत जाऊन त्या पिशवीवर बसले असतील. छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही, पण असं होतं. ऑपरेशनला वर्षं लोटली तरी होतं. अर्पितानं काही चुकीचं केलं म्हणून नव्हे, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. माझा चेहरा तसा झाला असेल.

त्या म्हणाल्या, पिशवी काढावी लागेल.

तुम्ही लागत नव्हता, म्हणून मी शहागडला तुमच्या घरी फोन करून विहीणबाईंकडं निरोप ठेवला. काळजी करू नका, तुमचं गुपित फोडलं नाही. मुद्दाम मोघम बोललो: "अर्पिताची पिशवी काढायची ठरलंय, धर्मराजरावांना कळवा." तुम्हाला बराबर कळेल आणि विहीणबाईंना काही कळणार नाही. विहीणबाई बराच वेळ बोलल्याच नाहीत. मग "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला. सुनेसाठी एवढा जीव तुटतो हे पाहून मला बरं वाटलं.

त्याच संध्याकाळी तुमचा फोन अर्पिताला आला. मी खोलीच्या दाराबाहेर बाकड्यावर होतो. माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत. मिलच्या गोंगाटात कोणत्या रोलचं बेअरिंग जाणार ते मी उभ्या उभ्या सांगायचो, आणि त्याच कानांवर मी एमआयडीसीत स्वतःचं वर्कशॉप उभं केलं. तुम्ही म्हणालात, "मला इचारलं बी न्हाई? राह्यलं काय मंग आपल्यात?"

आणि कापला.

माझ्या लेकीनं फोन उशीखाली ठेवला. मग मॅडमना बोलावून म्हणाली, काढायची नाही. औषधावर भागवा.

बाकी तिची तब्येत ठीक आहे. ताप किरकोळ. तुम्ही तिला एक फोन करावा एवढंच मागणं.

तुमचा,
पुंजाराम

*

जालना,
६ फेब्रुवारी

धर्मराजराव,

पहिलं पत्र स्पीड पोस्टानं गेलं. पोचलं असेल किंवा तुमच्या मुनिमाच्या टेबलावर चहाच्या कपाखाली असेल. उत्तराची वाट न बघता दुसरं लिहून राह्यलोय.

त्या पत्रात मी ताप किरकोळ लिहिला. किरकोळ नव्हता. आजही नाही. सलाईनमधून औषध चाललंय. दुपारी ताप उतरतो, संध्याकाळी पुन्हा चढतो. तुम्हाला धाक घालून बोलावलं असं नंतर कुणी म्हणू नये, म्हणून तेव्हा तसं लिहिलं. आता कुणी काय म्हणेल याची फिकीर करत बसायला सवड नाही.

मी कनिका मॅडमना विचारलं, "बाई, एवढं औषध जाऊन राह्यलंय, मंग उतरत का न्हाई?" त्या म्हणाल्या, "काका, ती वस्तू अंगात आहे पण अंगाची नाही. तिच्यात रक्त जात नाही. औषध रक्तातून जातं, म्हणजे तेही तिच्यापर्यंत धड पोचत नाही. जंतू तिच्या पाठीवर थर करून बसलेत. भोवतीचा पू मी सुईनं काढला, तो पुन्हा भरला. काही वेळा औषधावर भागतं. हिचं भागताना दिसत नाही."

मला लगेच समजलं. बेअरिंगच्या आत कचरा गेला की वरून कितीही ग्रीस भरा, आवाज थोडा वेळ थांबतो, मग परत सुरू. खोलून काढल्याशिवाय इलाज नाही. मॅडमना म्हणालो तसं. त्या हसल्या, म्हणाल्या, "हेच तुमच्या मुलीला सांगा."

सांगितलं. ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "बाबा, मी काय मशीन हाय का?"

मी तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग ती आपणच बोलली, अजूनही भिंतीकडंच बघत. मला ते बोल तुमच्यापर्यंत पोचवायचे आहेत, म्हणून जसेच्या तसे लिहितो. "त्यांनी मला वेगळ्या नजरेनं कधीच बघितलं न्हाई. म्हणून मला वाटायचं त्यांना काही फरकच पडत न्हाई. पडत व्हता. आता काढल्यावर मी तिथं खड्डा घेऊन त्यांच्यासमोर कशी जाऊ?"

बापानं असलं ऐकू नये. पण ऐकलं.

जावईबापू, मी तुम्हाला दोष द्यायला बसलो नाही. कदाचित गच्चीवर हो म्हणणं सोपं असतं आणि आठ वर्षांनी ती बाजू नसलेली बायको समोर येणं अवघड असतं. तुम्ही जवान माणूस. मला काय ठाऊक. पण एक गोष्ट तुमच्या शब्दावर अडलीय. मॅडम म्हणतात, हे रक्तात उतरलं तर नुसती बाजू नाही, जीव वाचवायची पळापळ होईल. त्या तिच्या सहीशिवाय हात लावणार नाहीत आणि ती तुमच्या शब्दाशिवाय सही करणार नाही. तोंडानं ती तसं म्हणत नाही. पण दाराशी पाऊल वाजलं की मान वळते, आणि तुमचं नाही म्हटल्यावर परत भिंतीकडं.

तुमची नाराजी नाराजी म्हणून ठेवा, पुढं बघू. आत्ता खोटं तर खोटं, पण "काढ" म्हणा.

ईश्वरी आमच्याकडं आहे. तिला तिची कापडाची बाहुली पाहिजे, ती शहागडला राहिली. उद्या जाऊन घेऊन येतो. विहीणबाईंनाही भेटणं होईल.

पुंजाराम

*

शहागड, हायवेवरच्या हॉटेलात बसून,
७ फेब्रुवारी

जावईबापू,

घाईत लिहितोय, अक्षराकडं बघू नका. समोर चहा गार होऊन राह्यलाय. आपल्या ओळखीचा एक ट्रकवाला बेअरिंगचे खोके घेऊन रायपूरला निघालाय, इथं जेवायला थांबलाय. त्याचं जेवण व्हायच्या आत हे पत्र संपवून त्याच्या खिशात घालायचंय. तुमच्या हातात, मुनिमाच्या नाही, असं त्याला बजावलंय.

आत्ता तुमच्या घरून आलो. विहीणबाईंनी पाणी दिलं, बाहुली दिली, चहा दिला, पण बोलणं नाही. मी विचारलं, बरं आहे ना? त्या म्हणाल्या, "आमचं काय बरं राह्यलं आता." मला वाटलं, सुनेचं दुखणं मनाला लावून घेतलं. उठलो, बाहेर येऊन बूट घालायला लागलो. एक बूट पायात, दुसऱ्याची नाडी हातात, आणि आत तुमच्या शेजारच्या बेबीनंदाबाई मागच्या दारानं आलेल्या. त्यांना वाटलं मी गेलो.

बेबीनंदाबाईंनी माझ्याबद्दल विचारलं, "काय म्हणत व्हते ईवाई?"

"काय म्हणत्यात. बाहुली न्याया आल्ते. सुनेची पिशवी काढायलेत म्हणून सांगाया तोंड व्हतं, त्याच्यावर एक शब्द न्हाई."

"एवढ्या कवळ्या वयात?"

"मंग? एक पोरगी हाय नुसती. धर्माला दुसरं लेकरू पाह्यजे व्हतं. आता कुठून? त्याला इचारायचं तरी. माझं लेकरू फोनवर रडलं गं. आई म्हणला, मला न सांगता माझं घर बंद करून टाकलं."

जावईबापू, माझ्या हातातली नाडी हातातच राहिली.

सगळं एकदम कानात वाजलं. विहीणबाईंचं ते गप होणं. तुमचं "राह्यलं काय मंग आपल्यात." बायकांत पिशवी म्हटलं की एकच, गर्भाची, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आपल्याकडं गावोगाव बायांच्या पिशव्या काढतात, रोज कानावर येतं. पण आमच्या घरात आठ वर्षं त्या शब्दाचा अर्थ दुसरा होता. औरंगाबादच्या डॉक्टरनं ती वस्तू माझ्या तळहातावर ठेवून म्हटलं होतं, "ही अशी पिशवी बसवतो." तेव्हापासून मी आणि तुळजाबाई तिला पिशवीच म्हणत आलो. आणि मी मोठा हुशार, म्हणे मोघम शब्द वापरला! दुसऱ्याच्या मशीनचा आवाज ओळखणाऱ्यानं स्वतःच्या तोंडातला आवाज ओळखला नाही.

मी एका बुटावरच परत आत गेलो. दोघी दचकल्या. म्हणालो, "विहीणबाई, तिची पिशवी शाबूत आहे. देवाची आण. लेकरं व्हायला काही अडचण न्हाई."

विहीणबाई पुढं झाल्या. मग विचारलं, "मंग काढून काय राह्यले?"

तुमचं आणि तिचं ठरलेलं मोडायचा मला काय अधिकार? शिवाय बापाच्या तोंडी ते येत नाही, आणि बेबीनंदाबाई पदर सावरून ऐकायला उभ्याच. म्हणालो, "ते धर्मराजराव सांगतील." बेबीनंदाबाईंनी विहीणबाईंकडं अशी मान हलवली की बाप लपवतोय. लपवतच होतो.

तर आता तुम्हाला सांगतो, साफ. ती पिशवी नाही. दुसरी. वरची. डावीकडची. जी तुम्हाला गच्चीवर सांगितली ती. यापेक्षा उघड माझ्या हातून लिहवणार नाही.

आणि तिकडं ती पोरगी समजून बसलीय की तुम्हाला तिच्या त्या बाजूचं दुःख झालं. तुम्ही एका पिशवीसाठी रुसलात, ती दुसरीसाठी मरायला निघालीय.

मी तिला आत्ता फोनवर सांगायला गेलो, तर म्हणाली, "बाबा, तुम्ही मला सही करायला लावायला बोलताय." माझ्या बोलण्यावर तिचा भरवसा उरला नाही. बरोबर आहे. तुम्हीच बोला. आणि शब्द तुमचे तुम्ही निवडा. मी निवडलेल्या शब्दानं काय केलं ते बघताच आहात.

ट्रकवाला हात धुतोय.

पुंजाराम

*

जालना,
१२ फेब्रुवारी

प्रिय धर्मराजराव,

हे पत्र टपालात टाकत नाही. तुम्ही गाडीत बसलात असा निरोप आलाय. दवाखान्यात आलात की हातात देईन आणि मी चहाला जाईन. काही गोष्टी तुम्ही बघितल्या नाहीत, त्या तुम्हाला कळाव्यात, आणि तोंडानं सांगायला मला जमणार नाही.

तुमचा फोन आला तेव्हा अर्पिता तापानं ग्लानीत होती. फोन तुळजाबाईनं उचलला आणि तिच्या कानाशी धरला. मी नेहमीच्या बाकड्यावर. आधी तुमच्या नाकाचा आवाज आला. मग म्हणालात, "आगं येडे, मला वाटलं दुसरंच."

तिनं डोळे उघडले.

तुम्ही म्हणालात, "पाहुणी हाय ना ती? मंग जाऊ दे की पाहुणीला. लई दिवस राह्यली, चांगली राह्यली. घरचं माणूस थांबलं म्हणजे झालं."

मला आधी कळेना, कोण पाहुणी, कुठली पाहुणी. दारातून बघितलं तर माझी लेक हसत होती. त्या तापात, ओठ फुटलेले, आणि हसत होती. तेव्हा कळलं. आमच्या घरात आठ वर्षं ती पिशवी होती आणि तुमच्या घरात पाहुणी. पाहुणी आली, पाहुणी जाईल, घरात रडारड कशाला. मी निरोपाला हा शब्द वापरला असता तर विहीणबाईंनी फार तर चहाचं आधण वाढवलं असतं.

तिनं बेल दाबली. मॅडम आल्या. अर्पितानं सही केली, आणि सही करताना विचारलं, "मॅडम, ती काढली की मला दाखवाल का?" मॅडम म्हणाल्या, दाखवू. ऑपरेशन निर्विघ्न झालं. आत साफ केलं, एक नळी ठेवलीय, ती दोन-चार दिवसांत निघेल. काल ताप आला नाही. आज सकाळी तिनं तुळजाबाईला भाकरीतलं मीठ कमी आहे म्हणून सुनावलं. आमच्या घरात याहून मोठं तब्येतीचं लक्षण नाही.

आता विहीणबाईंचं. त्या काल आल्या, शहागडहून एसटीनं, एकट्या. खोलीत गेल्या. अर्पिता मला म्हणाली, "बाबा, तुम्ही जरा पाय मोकळे करा." मी ओळखलं, ती सांगणार. तुम्ही फोनवर तिला तशी परवानगी दिलीत ना, तेही मी ऐकलं होतं, माफी असावी. या वेळी मात्र मी खरंच उठलो आणि पार गेटापर्यंत गेलो. आतलं मला काही ठाऊक नाही.

परत आलो तर विहीणबाई बाहेर बाकड्यावर, माझ्या जागेवर, बसलेल्या. डोळे लाल. मला म्हणाल्या, "ईवाई, एवढी वर्षं माझ्या घरात राह्यली. एकदा माझ्या कानाजवळ येऊन सांगायचं. मी काय खाऊन टाकलं असतं का तिला?"

मी म्हणालो, चुकलं.

त्यांनी पदरानं नाक पुसलं, फोन काढला आणि बेबीनंदाबाईंना लावला. धर्मराजराव, तुमच्या आईचा आवाज तसा मोठाच, पण त्या वेळी सगळ्या वॉर्डानं ऐकलं. "आगं बेबे, ती पिशवी न्हाई! पित्ताची पिशवी! खडे झाल्ते. हां, खडे. बोराएवढे. आगं न्हाई, लेकरं व्हायला काय झालंय, बिलकुल होतील. आमचे ईवाई फोनवर अर्धंच बोलत्यात, त्यांनीच सगळा घोटाळा केला."

फोन ठेवून माझ्याकडं असं बघितलं की यात आता काना-मात्रेचा फरक होता कामा नये. मग आत जाऊन सुनेचे केस विंचरायला बसल्या. उजव्या हातानं विंचरले, डावा हात तिच्या दुखऱ्या खांद्याखाली आधाराला ठेवून. मला हे येता येता दारातून दिसलं, ऐकू काही आलं नाही.

तेव्हा शहागडात कुणी विचारलं तर पित्ताची पिशवी, आणि खडे बोराएवढे. आवळ्याएवढे म्हणू नका. विहीणबाईंचं एकदा ठरलंय.

मॅडमनी सांगितलं, जखम पूर्ण भरून काही महिने निघून गेले की हवी तर पुन्हा तशीच बसवता येते. नको तर नको, तशीही बाई धडधाकट राहते. घाई कशाची नाही. अर्पिता म्हणाली, "ते आले की बघू."

तर पाहुणीला परत बोलवायचं की आता घर घरच्यांपुरतंच ठेवायचं, ते तुम्ही दोघं आत बसून ठरवा. मी बाहेर बाकड्यावरच असेन. पण तेवढ्यापुरता मी बहिरा आहे.

तुमचा,
पुंजाराम